नव्वदांतून त्रेपन्न : ग्रीन बे पॅकर्सचा उन्हाळी सराव कसा पाहावा

विचारलेला प्रश्न असा आहे : मे-जूनमध्ये ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सरावाच्या बातम्या येतात. कुणी नवखा रिसीव्हर (चेंडू झेलणारा) चमकलेला असतो, कुणा क्वार्टरबॅकचे (चेंडू फेकणाऱ्याचे) दोन-तीन चेंडू बचावपटूंनी अडवलेले असतात, कुणी अनुभवी खेळाडू सरावाला आलेलाच नसतो. यावरून सप्टेंबरमधल्या संघाचा अंदाज बांधता येतो का, आणि येत असल्यास नेमके काय पाहावे?

अंदाज बांधता येतो. मात्र त्यासाठी बातमीच्या मथळ्यात असते ती गोष्ट सोडून बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टीकडे पाहावे लागते. मी गेली चौदा वर्षे विस्कॉन्सिनमधील एका हायस्कूलच्या संघात रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) या जागांच्या मुलांना शिकवतो, आणि ग्रीन बे आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर असल्यामुळे रे निच्की मैदानावर जुलैअखेरीस सुरू होणारे पॅकर्सचे शिबिर पाहायला जवळजवळ दरवर्षी जातो. माझे मत असे झाले आहे की उन्हाळी सरावात कोण कसा खेळला याला फार थोडी किंमत असते. कोण कुठे, कोणाच्या शेजारी आणि कितव्या तुकडीत उभा होता, याला मोठी असते.

आधी हा सराव म्हणजे काय ते स्पष्ट करतो. एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात जो करार आहे, त्यात हंगामाबाहेरचा कार्यक्रम नऊ आठवड्यांचा ठरवून दिलेला असून तो ऐच्छिक आहे. पहिले दोन आठवडे व्यायाम, दुखापतींवरचे उपचार आणि बैठका यांत जातात. पुढच्या तीन आठवड्यांत प्रशिक्षक मैदानावर शिकवू शकतात, पण आक्रमण आणि बचाव यांना एकमेकांसमोर उभे करता येत नाही. शेवटच्या चार आठवड्यांत ज्यांना सगळे 'ओटीए' (संघाचा संघटित सराव) म्हणतात ते दहा दिवस येतात. त्या दिवसांत सात विरुद्ध सात किंवा अकरा विरुद्ध अकरा असा खेळ चालतो, परंतु डोक्यावर हेल्मेट असले तरी खांद्यांवर पॅड नसतात आणि अंगाला अंग भिडवण्यास मनाई असते. याशिवाय जूनमधले तीन दिवसांचे छोटे शिबिर तेवढे सक्तीचे असते. मनाई ही कागदावरची गोष्ट नाही. २०२२ साली आमच्या शेजारच्या शिकागो बेअर्सचा एक दिवसाचा सराव लीगने याच कारणासाठी काढून घेतला होता, आणि ग्रीन बेमध्ये त्याचे दुःख कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

या मनाईचा परिणाम खेळाच्या प्रत्येक जागेवर सारखा होत नाही, आणि बातम्या वाचताना हाच मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. कॉर्नरबॅकचे निम्मे काम हातांचे असते : खेळी सुरू होताच समोरच्या रिसीव्हरच्या छातीवर किंवा खांद्यावर हात टेकवून त्याची पहिली तीन पावले बिघडवायची, म्हणजे त्याची धाव अर्ध्या सेकंदाने उशिरा सुरू होते आणि क्वार्टरबॅकचे सगळे वेळापत्रक कोलमडते. मे-जूनमध्ये हे करायचे नसते. साहजिकच रिसीव्हर मोकळाच धावतो आणि सुरेख दिसतो. तीच गोष्ट आक्रमणाच्या फळीतल्या तीनशे पौंडी गड्यांची. ढकलाढकलीच नसेल तर कोण पाय रोवून उभा राहतो आणि कोण मागे सरकतो, हे कळणार कसे? रनिंगबॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला, तर कुणी पाडतच नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण इथे तांदूळ नुकते धुऊन ठेवलेले असतात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संघात एक उंच, लांब हातांचा मुलगा आला. जूनमधल्या सात विरुद्ध सातच्या खेळात त्याला कुणी अडवू शकत नव्हते, म्हणून मी मुख्य प्रशिक्षकांकडे त्याच्यासाठी पहिल्या तुकडीतील जागा मागितली आणि ती मिळालीही. ऑगस्टमध्ये पॅड चढले आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की छातीवर हात पडला की हा मुलगा जागेवर थबकतो आणि पंचाकडे पाहतो. तोवर ज्याला मी दुसऱ्या तुकडीत ढकलले होते, त्या बुटक्या आणि चिवट मुलाचे दोन महिन्यांचे सराव बुडाले होते. त्यानंतर मी जूनमधली वही पेन्सिलीने लिहितो.

मग या महिन्यांचा उपयोग कुणाला होतो? शिकणाऱ्याला होतो, आणि विशेषतः क्वार्टरबॅकला. पॅकर्सचा जॉर्डन लव्ह याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. २०२० च्या ड्राफ्टमध्ये (संघ महाविद्यालयीन खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या कार्यक्रमात) संघाने वरच्या क्रमांकासाठी सौदा करून २६ व्या क्रमांकावर त्याला घेतले, तेव्हा पहिला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स संघात होता आणि त्याची जागा रिकामी होण्याचे चिन्ह नव्हते. त्या वर्षी कोरोनामुळे मैदानावरचा उन्हाळी सराव झालाच नाही आणि ऑगस्टमधले सरावसामनेही रद्द झाले, म्हणजे नवख्याचे पहिले वर्ष बैठकांच्या पडद्यापुढेच गेले. २०२१ मध्ये रॉजर्स व्यवस्थापनावर नाराज असल्यामुळे उन्हाळी सरावाला आणि जूनच्या सक्तीच्या शिबिरालाही आला नाही. वर्तमानपत्रांना रॉजर्सच्या गैरहजेरीशिवाय काही सुचत नव्हते. इकडे पहिल्या तुकडीच्या सगळ्या पाळ्या लव्हला मिळत होत्या. २०२२ मध्ये रॉजर्स जूनच्या शिबिरात आला, पण ऐच्छिक सराव त्याने पुन्हा टाळला आणि त्या पाळ्याही लव्हकडे गेल्या. तीन वर्षांत ज्याने प्रत्यक्ष हंगामात एकच सामना सुरुवातीपासून खेळला (नोव्हेंबर २०२१, कॅन्सस सिटीत, १३-७ असा पराभव), त्याच्याकडे पहिल्या तुकडीबरोबरचे दोन उन्हाळे जमा झालेले होते. या पाळ्यांची नोंद कुठल्याही आकडेवारीत नसते.

२४ एप्रिल २०२३ रोजी रॉजर्सला न्यूयॉर्क जेट्सकडे देण्याचे ठरले आणि तीन दिवसांनी ड्राफ्ट सुरू झाला. सरव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी त्यात ल्यूक मस्ग्रेव्ह आणि टकर क्राफ्ट हे दोन टाइट एंड (अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारे), तसेच जेडन रीड आणि डाँटेव्हियन विक्स हे रिसीव्हर घेतले. आदल्या वर्षीचे क्रिस्टियन वॉटसन आणि रोमिओ डब्स संघात होतेच. ऑगस्टअखेर अंतिम यादी लागली तेव्हा सहाच्या सहा रिसीव्हर पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचे होते. अशा संघाला मे महिना सोन्यासारखा असतो. रिसीव्हर बारा यार्ड धावतो, बाहेरचा पाय रोवतो आणि मध्यरेषेकडे वळतो. क्वार्टरबॅक पाच पावले मागे येतो आणि पाचवे पाऊल टेकताच चेंडू सोडतो. त्या क्षणी रिसीव्हरची पाठ अजून त्याच्याकडे असते. चेंडू माणसाकडे फेकलेला नसून जागेकडे फेकलेला असतो, आणि त्या जागेवर माणूस वेळेवर पोहोचेल हा विश्वास समोर बचावपटू नसतानाच पन्नास वेळा, शंभर वेळा घोटवावा लागतो. २०२३ चा संघ पहिल्या सात सामन्यांत पाच हरला, तेव्हा हा विश्वास बसलेला नव्हता हे डोळ्यांना दिसत होते. उत्तरार्धात तो बसला. लव्हने हंगाम ४,१५९ यार्ड आणि ३२ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवणे) यांवर संपवला आणि संघाने बाद फेरीत डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असे हरवले.

तेव्हा बातमीत पहिल्यांदा तुकडी शोधावी. नवख्याने सुंदर झेल घेतला असे लिहिले असेल तर चेंडू कोणी फेकला आणि समोर कोण होते ते पाहावे. तिसऱ्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू तिसऱ्या तुकडीच्या कॉर्नरबॅकसमोर झेलला असेल तर त्याचा अर्थ एवढाच की त्या मुलाचे हात चांगले आहेत, आणि हात चांगले नसते तर तो तिथवर आलाच नसता. दुसरी गोष्ट म्हणजे जागांची अदलाबदल. आक्रमणाच्या फळीतल्या गड्यांना पॅकर्स पूर्वीपासून एकाहून अधिक जागा शिकवत आले आहेत. २०२२ मध्ये चौथ्या फेरीत घेतलेला झॅक टॉम उन्हाळ्यांत कधी मध्यभागी, कधी बाजूला असा फिरवला जात होता. हे वाचून अनेकांना वाटले की त्याची जागा पक्की नाही. अर्थ उलटा होता : प्रशिक्षकांना तो कुठे तरी हवाच होता आणि कुठे बसवावा एवढेच ठरायचे होते. २०२३ पासून उजव्या टॅकलची (फळीच्या टोकाच्या गड्याची) जागा त्याची झाली. दुसरीकडे, २०२२ मध्ये थेट २४९ व्या क्रमांकावर घेतलेला रशीद वॉकर वर्षभर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. पण डाव्या टॅकलच्या राखीव गड्यांतला आपला क्रम त्याने राखला, आणि २०२३ मध्ये पहिल्याच सामन्यानंतर डेव्हिड बाख्तियारीचा गुडघा पुन्हा दगा देऊन बसला तेव्हा लव्हची मागची बाजू सांभाळण्याचे काम त्याच्याकडे आले.

गैरहजेरीच्या बातम्यांविषयी थोडेच सांगतो. ऐच्छिक सरावाला न येणे हा गुन्हा नाही. अनेक अनुभवी खेळाडू स्वतःच्या प्रशिक्षकाकडे, स्वतःच्या गावी तयारी करतात. काहींच्या करारात मात्र उन्हाळी हजेरीचे वेगळे पैसे असतात, आणि ते सोडूनही खेळाडू आला नाही तर कराराबाबत काहीतरी बोलणे अडले आहे असे समजावे. सक्तीचे तीन दिवस चुकवले तर दंड एक लाख डॉलरच्या आसपास जातो, म्हणून जूनमधली गैरहजेरी ही मेमधल्या गैरहजेरीहून वेगळ्या वजनाची असते.

आता यादीकडे येऊ. उन्हाळ्यात पटावर नव्वद जण असतात आणि ऑगस्टअखेर ठरलेल्या दिवशी त्रेपन्न उरावे लागतात. २०२३ पासून ही कपात टप्प्याटप्प्याने न होता एकाच दिवशी होते, त्यामुळे बत्तीस संघांतून जवळपास बाराशे खेळाडू एका दुपारी बाहेर पडतात. त्रेपन्न हा आकडा मोठा वाटतो, पण मांडून पाहिला की लगेच आखडतो. आक्रमणाच्या फळीला नऊ-दहा, रिसीव्हर सहा, टाइट एंड तीन-चार, रनिंगबॅक तीन, क्वार्टरबॅक दोन किंवा तीन, किक मारणारे आणि चेंडू मागे देणारा मिळून तीन, आणि उरलेले बचावाला. म्हणजे पहिल्या पंचेचाळीस जणांबद्दल जूनमध्येच फारसा वाद नसतो. जे काही युद्ध चालते ते शेवटच्या आठ जागांसाठी, आणि त्या आठ जागा झेलांवर ठरत नाहीत.

त्या ठरतात स्पेशल टीम्सवर. पंट (चेंडू लाथेने दूर पाठवणे), किकऑफ (लाथेने खेळ सुरू करणे), फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलखांबांतून पाठवणे) या प्रसंगी मैदानावर उतरणारी ही तुकडी पॅकर्सच्या पाठीराख्यांनी बरीच वर्षे गृहीत धरली होती. २२ जानेवारी २०२२ च्या रात्री लॅम्बो फील्डवर सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध एक पंट अडवला गेला, त्याचा टचडाउन झाला, आणि निर्णायक फील्ड गोलच्या वेळी तर पॅकर्सचे अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात होते. सामना १३-१० असा गेला. त्यानंतर रिच बिसाच्चा यांना या तुकडीसाठी आणण्यात आले आणि त्यांच्या आधीच्या संघातला किशॉन निक्सन हा कॉर्नरबॅकही आला. त्या उन्हाळ्यात निक्सनचे नाव यादीच्या तळाशी असायचे. हंगाम संपला तेव्हा किकऑफ परतवण्यात तो लीगमध्ये पहिला होता, आणि २०२२ व २०२३ अशी दोन्ही वर्षे त्या जागेसाठी सर्वोत्तम संघात निवडला गेला. म्हणून शिबिरात पंटचा सराव सुरू झाला की मी दुर्बीण काढतो. सहावा रिसीव्हर कोण, या प्रश्नाचे उत्तर पंट परतवणाऱ्याच्या दिशेने सर्वांत आधी कोण धावत सुटतो यात असते. त्या वेळी आजूबाजूचे बहुतेक प्रेक्षक मात्र खाण्याच्या रांगेत असतात.

दुसरी कसोटी पैशांची. २०२३ मध्ये प्रत्येक संघाची वेतनमर्यादा २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, आणि त्यातले सुमारे ४ कोटी ३ लाख डॉलर पॅकर्सच्या हिशेबात रॉजर्सच्या नावावर पडले होते, म्हणजे दुसऱ्या संघाकडून खेळणाऱ्या माणसासाठी जवळजवळ अठरा टक्के. सहा कोवळे रिसीव्हर घेऊन हंगामात उतरण्यामागे धाडस होते तसा हा हिशेबही होता. ड्राफ्टमधून आलेला खेळाडू चार वर्षे ठरलेल्या, तुलनेने स्वस्त करारावर असतो. त्यामुळे सारख्याच वकुबाच्या दोघांत चौथ्या फेरीतला दुसऱ्या वर्षाचा मुलगा राहतो आणि तिशीतला अनुभवी गडी जातो. हे निष्ठुर आहे, पण त्यात गूढ काही नाही.

तिसरी गोष्ट वेव्हरची. चार हंगाम पूर्ण न केलेल्या खेळाडूला काढले की पुढचे साधारण एक दिवसभर इतर एकतीस संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो. कुणी सांगितला नाही तरच त्याला सोळा जणांच्या सराव-पथकात परत घेता येते. म्हणून प्रशिक्षकांपुढचा खरा प्रश्न 'कोण चांगला' इतका साधा नसतो. 'कोणाला काढले तर तो परत मिळेल' असा असतो. २०२३ मध्ये सातव्या फेरीतला रिसीव्हर ग्रँट डुबोस काढला गेला आणि सराव-पथकात परत आला, तर ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला मलिक हीथ त्रेपन्नांत राहिला. त्याच वेळी टाइट एंड बेन सिम्स मिनेसोटाने सोडला आणि पॅकर्सने उचलला. त्याने अख्खा उन्हाळा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर घालवला होता, त्यामुळे ग्रीन बेमधून लिहिलेल्या कुठल्याही अंदाजात त्याचे नाव येणे शक्यच नव्हते.

मला सर्वांत शहाणे करणारा उन्हाळा २०२४ चा होता. राखीव क्वार्टरबॅक शॉन क्लिफर्ड की मायकेल प्रॅट, आणि किकर अँडर्स कार्लसन की ग्रेग जोसेफ, या दोन शर्यतींवर तीन महिने चर्चा चालली. प्रत्येक सरावातल्या प्रत्येक किकची नोंद ठेवणारे लोक मला माहीत आहेत, कारण त्यांतला एक मी होतो. कपातीच्या आदल्या दिवशी टेनेसीकडून ड्राफ्टमधल्या सातव्या फेरीच्या हक्काच्या बदल्यात क्वार्टरबॅक मलिक विलिस आला आणि क्लिफर्ड, प्रॅट दोघेही त्रेपन्नांबाहेर गेले. दोन्ही किकर सुटले आणि टेनेसीनेच सोडलेला ब्रेडन नार्वसन वेव्हरवरून आला. चौघांची तुलना करता करता आम्ही एक गोष्ट विसरलो होतो : दोन उमेदवारांत तीन महिने निकाल लागत नाही, याचा अर्थ बऱ्याचदा दोघेही पुरेसे नाहीत असा असतो. पहिल्याच सामन्यात साव पावलोमध्ये लव्हच्या गुडघ्याला दुखापत झाली, आणि जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या विलिसने पुढचे दोन्ही सामने जिंकून दिले. नार्वसनने सहा सामन्यांत पाच फील्ड गोल चुकवले आणि ऑक्टोबरमध्ये त्याची जागा दुसऱ्याने घेतली, हे त्याच शहाणपणाचे दुसरे टोक. २०२५ मध्ये तर त्रेपन्न जणांची यादी लागून दोन दिवस झाल्यावर डॅलसकडून मायका पार्सन्स आला आणि बदल्यात केनी क्लार्क व पहिल्या फेरीचे दोन हक्क गेले. जूनमध्ये बचावाच्या फळीवर लिहिलेले सगळे अंदाज त्या एका दुपारी रद्दी झाले.

ऑगस्टचे सरावसामने याला अपवाद म्हणावे लागतील, विशेषतः रनिंगबॅकसाठी. इमॅन्युएल विल्सन फोर्ट व्हॅली स्टेट या छोट्या महाविद्यालयातून आलेला, ड्राफ्टमध्ये न घेतला गेलेला आणि डेन्व्हरने काही दिवसांतच सोडलेला मुलगा. मे-जूनमध्ये त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नव्हते आणि असणेही शक्य नव्हते, कारण त्याला कुणी पाडायचेच नव्हते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सिनसिनाटीत त्याने १११ यार्ड धावून दाखवले, त्यात ८० यार्डांची एकच धाव होती. तो त्रेपन्नांत राहिला.

आपण ज्या नवख्या रिसीव्हरच्या कौतुकाची बातमी वाचून हा प्रश्न विचारला आहे, त्याच्यासाठी माझी पद्धत लावायची असेल तर तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. जूनच्या तीन सक्तीच्या दिवसांत, म्हणजे अनुभवी खेळाडू परत आल्यावर, त्याला पहिल्या क्वार्टरबॅकबरोबर किती पाळ्या मिळाल्या? त्याला बाहेरच्या बाजूची आणि आतली अशा दोन्ही जागा शिकवल्या जात आहेत का? आणि शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात, पॅड चढल्यावर, पंटच्या पहिल्या तुकडीत तो आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर बातम्यांत सापडेल. तिसऱ्याचे सहसा सापडत नाही. त्यासाठी सरावसामन्याचे ध्वनिचित्रण पाहताना जाहिरातीच्या आधीचा पंट न वगळता त्याच्या जर्सीचा क्रमांक शोधावा लागेल. तो तिथे दिसला नाही, तर त्याच्या नावाची जर्सी ऑगस्टअखेरीपर्यंत विकत घेऊ नका.